त्युमेनची मुलगी, स्लोव्हाकियाचा झेंडा: एका बायथलॉन कारकिर्दीचे प्रकरण

## एक शर्यत, दोन आया

फेब्रुवारी 2009. दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला बायथलॉनची, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या खेळाची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. महिलांच्या मास स्टार्ट शर्यतीत (यात सगळ्या जणी एकदम सुटतात) पहिली आली रशियाची ओल्गा झाइत्सेवा आणि दुसरी आली स्लोव्हाकियाची अनास्तासिया कुझमिना. दोघींचा जन्म रशियातला. दोघी बाळंतपणानंतर बर्फावर परतलेल्या. त्या दिवशी पहिल्या दोन्ही पायऱ्यांवर रशियातच घडलेल्या खेळाडू उभ्या होत्या, पण झेंडे दोन वेगळे चढले.

एकीला परत आल्यावर संघात जागा मिळाली, दुसरीला दुसऱ्या देशात शोधावी लागली. असं का झालं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. कुझमिनाचं नाव लपवण्यात अर्थ नाही. तीन ऑलिंपिकमध्ये सहा पदकं मिळवणारी ही बाई नाव झाकलं तरी ओळखू येईल. तिच्याभोवतीचे प्रशिक्षक, पदाधिकारी आणि घरातली माणसं यांची नावं मात्र मी घेतलेली नाहीत, अपवाद फक्त तिच्या भावाचा, कारण तोही सार्वजनिक जीवनातला खेळाडू होता. मला कोणाला दोषी ठरवायचं नाही, निर्णय कसे झाले ते पाहायचं आहे.

## पार्श्वभूमी

अनास्तासिया शिपुलिना 28 ऑगस्ट 1984 रोजी पश्चिम सायबेरियातल्या त्युमेन शहरात जन्मली. तीन वर्षांनी धाकटा भाऊ अंतोन झाला. पुढे तोही बायथलॉनमध्ये आला आणि रशियाच्या पुरुष संघाचा आधारस्तंभ ठरला. हिची सुरुवात साध्या स्कीइंगपासून झाली, रायफल नंतर पाठीवर आली. ज्युनिअर वयोगटात तिने रशियासाठी जागतिक पदकं मिळवली आणि पुढे मोठ्या गटाच्या जागतिक चषकातही, म्हणजे हिवाळाभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतही, रशियाकडून उतरली. आश्वासक खेळाडू, पण अजून मोठं काही हाती न लागलेली. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं.

याच सुमारास तिचं लग्न झालं आणि शिपुलिनाची कुझमिना झाली. नवराही स्की खेळाडू होता, इस्रायलतर्फे शर्यतींत उतरणारा. 2007 मध्ये मुलगा झाला. तेव्हा ती तेवीस वर्षांचीही नव्हती.

आपल्याकडे हा खेळ फारसा दिसत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. बायथलॉनमध्ये खेळाडू पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन स्कीवर धावतो, मध्येच शूटिंग रेंजवर थांबतो आणि पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडतो. एकदा पोटावर पडून, एकदा उभं राहून. अंतर 50 मीटर, गोळी पॉइंट टू टू. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यातलं अंतर आणि गोळी नेमकी हीच आहे. तिथे दहा गुणांचं वर्तुळ साधारण दहा मिलिमीटरचं असतं. बायथलॉनमध्ये पडून मारायचं लक्ष्य 45 मिलिमीटरचं आणि उभ्याने मारायचं 115 मिलिमीटरचं. म्हणजे लक्ष्य मोठं, पण छाती धपापत असते, बोटं गारठलेली असतात आणि शेजारच्या मॅटवरची प्रतिस्पर्धी निघून गेल्याचा आवाज कानावर येत असतो. स्प्रिंट शर्यतीत साडेसात किलोमीटरमध्ये दोनदा नेमबाजी होते आणि हुकलेल्या प्रत्येक गोळीमागे 150 मीटरची दंडफेरी मारावी लागते. त्या फेरीत वीस-पंचवीस सेकंद जातात. 15 किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत तर दंड थेट एक मिनिटाचा असतो.

खेळाडू म्हणून कुझमिनाचं वर्णन एका ओळीत होतं: पायात वारं होतं, नेम मात्र कधीकधी दगा द्यायचा.

## पेच

2007 नंतर तिला परतायचं होतं. पण रशियाच्या राष्ट्रीय संघात जागा मिळेना.

इथे ‘जागा’ हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. जागतिक चषकात मोठ्या देशांनाही ठरावीकच खेळाडू उतरवता येतात आणि ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या जास्तीत जास्त चार खेळाडू एका शर्यतीत असतात. रशियात मात्र प्रांताप्रांताचे संघ आहेत, त्यांचे प्रशिक्षक आहेत, आणि त्या चार जागांसाठी झगडणाऱ्या मुली पुष्कळ. वर चढायची वाट लांबची होती. आधी देशांतर्गत शर्यती, मग हिवाळ्याच्या मध्यावर इझेव्स्कला होणारी निवडीची मोठी स्पर्धा, तिथे चमकलं तर दुय्यम पातळीचा आंतरराष्ट्रीय चषक, आणि तिथून पुढे मुख्य संघ. एक हंगाम जरी बाहेर राहिलं तरी रांगेत शेवटी जाऊन उभं राहावं लागे.

आणि बाळंतपणात एक अख्खा हंगाम जातोच.

झाइत्सेवाशी तुलना इथे उपयोगी पडते. तिनेही मातृत्वासाठी 2006-07 चा हंगाम सोडला होता. पण ती गेली तेव्हा तिच्या नावावर 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमधलं रिले सुवर्ण होतं, जागतिक विजेतेपद होतं. कुझमिना गेली तेव्हा तिच्यामागे ज्युनिअर पदकं होती. व्यवस्थेने बाळंतपणानंतर परतणाऱ्या सगळ्यांनाच दार बंद केलं, असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. दार उघडलं गेलं, पण मागे काय जिंकलं आहे ते पाहून. ज्या खेळाडूचं सर्वोत्तम वय अजून यायचं आहे, तिच्याकडे मागचं दाखवायला काही नसतं. माझ्या मते पेच नेमका इथे होता, आणि तो एकट्या रशियाचा नाही. जिथे निवड मागच्या निकालांवर होते आणि रांग लांब असते, तिथे लवकर आई झालेली मुलगी सगळ्यात आधी गळते.

## समोर काय काय होतं

बाहेरून पाहताना तिच्यासमोर मला तीन वाटा दिसतात.

पहिली, रशियात राहून रांगेत उभं राहणं. यात आपली भाषा होती, आपलं शहर होतं, जगातल्या सर्वोत्तम सरावसोयी होत्या. पण मांडीवर तान्हं मूल घेऊन महिनोन्‌महिने शिबिरांतून फिरायचं, तेही एखाद्या दुय्यम स्पर्धेत संधी मिळेल या आशेवर, म्हणजे घर आणि खेळ दोन्ही टांगणीला लावणं. वय चोवीस. व्हँकुव्हर ऑलिंपिक दीड वर्षावर.

दुसरी, खेळ सोडणं. याला निर्णय म्हणावं का, हाच प्रश्न आहे. कित्येक जणी अशाच सुटतात, कुठेही नोंद न होता. त्यांची प्रकरणं लिहिली जात नाहीत, कारण लिहायला काही घडतच नाही.

तिसरी, स्लोव्हाकिया. नवऱ्यासोबत संसार बान्स्का बिस्ट्रिका शहरात मांडता येणार होता. जवळच डोंगरात ओसर्ब्लिये हे बायथलॉनचं केंद्र आहे, 1997 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाली होती. देश पन्नास-पंचावन्न लाख लोकवस्तीचा. महिला संघात खेळाडू मोजक्या, त्यामुळे चांगल्या धावपटूला शर्यतीत उतरायला मिळणार हे नक्की. भाषाही स्लाव्ह कुळातली, म्हणजे रशियन माणसाला काही महिन्यांत जमण्यासारखी.

या तिसऱ्या वाटेत धोके होते, ते आज विसरले जातात. ऑलिंपिक सनदेनुसार, एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूने देश बदलला तर नव्या देशाकडून ऑलिंपिकला उतरण्याआधी तीन वर्षं जावी लागतात. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना राजी असेल तरच ही मुदत कमी होते. म्हणजे जुन्या घराची मर्जी राखूनच बाहेर पडायचं. दुसरा धोका पैशाचा आणि माणसांचा. मोठ्या संघाकडे स्कीच्या तळाला वॅक्स (घसरण्यासाठीचं मेण) लावणाऱ्या तंत्रज्ञांची फौज असते, स्कीच्या कितीतरी जोड्या असतात, डॉक्टर, नेमबाजीचा स्वतंत्र प्रशिक्षक. छोट्या संघात एकेक माणूस तीन-तीन कामं करतो. बर्फ ओला असताना वॅक्स चुकला तर जगातले सर्वांत वेगवान पायही कामाचे नाहीत.

तिसरा धोका मनातला. धाकटा भाऊ रशियाच्या संघात वर चढत होता. एकाच रेंजवर, शेजारच्या संघाच्या जॅकेटमध्ये त्याला भेटायचं होतं.

## निर्णय आणि कृती

2008 मध्ये ती स्लोव्हाकियाला गेली आणि वर्ष संपता संपता स्लोव्हाक नागरिक झाली. त्याच हिवाळ्यात नव्या रंगात जागतिक चषकात उतरली. आणि काही आठवड्यांत प्योंगचांगचं ते रौप्य आलं, ज्यापासून आपण सुरुवात केली.

आता एक विचित्र योगायोग. डिसेंबर 2008 मध्ये स्वीडनच्या ऑस्टरसुंडला घेतलेल्या नमुन्यांत रशियाच्या तीन बायथलॉन खेळाडूंमध्ये बंदी असलेलं द्रव्य सापडलं. फेब्रुवारी 2009 मध्ये हे जाहीर झालं. तिघांत दोन महिला होत्या आणि त्यांतली एक तर 2008 ची विश्वविजेती. दोन-दोन वर्षांची बंदी आली आणि दोघीही व्हँकुव्हरला मुकल्या.

म्हणजे कुझमिनाने रशिया सोडला आणि लगेच रशियाच्या महिला संघात दोन जागा मोकळ्या झाल्या.

अजून थोडी थांबली असती तर? हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. आता त्याचं उत्तर मला स्पष्ट दिसतं: हा प्रश्न निर्णयाला लागूच होत नाही. 2008 च्या शरदात तिच्यासमोर भरलेला संघ होता. दुसऱ्या कोणाच्या नमुन्यात काय सापडेल, यावर कोणी आपलं आयुष्य आखत नाही. निर्णय चांगला की वाईट, हे त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर ठरवायचं. रिकाम्या झालेल्या त्या जागा तिलाच मिळाल्या असत्या, याचीही काय खात्री? रांगेत तिच्यापुढे इतर होत्याच.

नव्या देशात गेल्यावर रचनाही बदलली. पुढे नवराच तिचा प्रशिक्षक झाला. याच्या दोन बाजू आहेत. सरावाचं वेळापत्रक मुलाच्या वेळेला जुळवता येऊ लागलं, मोठ्या संघाच्या शिबिरात हे अशक्य होतं. पण हरलेल्या शर्यतीची चर्चा जेवणाच्या टेबलावरही यायची शक्यता त्यात आलीच. प्रशिक्षक आणि नवरा एकच असला की रागवायचं कोणावर, हा प्रश्न उरतो. या जोडीने ते निभावलं, पण मी याला सर्वांसाठी नमुना म्हणणार नाही.

## निकाल: दीड सेकंद

13 फेब्रुवारी 2010, व्हँकुव्हर ऑलिंपिकची महिला स्प्रिंट, व्हिस्लरच्या डोंगरात. कुझमिनाने 19 मिनिटं 55.6 सेकंदांत शर्यत संपवली. तिच्यामागे जर्मनीची माग्डालेना नॉयनर, दीड सेकंदाने. तिसरी फ्रान्सची मारी दोरँ. स्वतंत्र स्लोव्हाकियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं हे पहिलं सुवर्ण. तीन दिवसांनी परस्यूटमध्ये (पाठलागाच्या शर्यतीत) नॉयनर पहिली आणि कुझमिना दुसरी. त्याच ऑलिंपिकमध्ये भाऊ अंतोनने रशियाकडून रिलेचं कांस्य मिळवलं, जे पुष्कळ वर्षांनी काढून घेतलं गेलं. त्युमेनच्या एकाच घरात दोन देशांची पदकं आली.

दीड सेकंदावर जरा थांबू या. वीस मिनिटांच्या शर्यतीत दीड सेकंद म्हणजे एका वळणावर काठी किंचित घसरणं. तेवढं उलटं झालं असतं तर रौप्य आलं असतं आणि ‘पहिलं सुवर्ण’ ही ओळ कोणीच लिहिली नसती. 2008 चा निर्णय मात्र तेव्हाही तितकाच शहाणपणाचा राहिला असता. तिला शर्यतीत उतरायला मिळत होतं आणि ती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या बरोबरीने संपवत होती. निर्णयाचं यश तेवढ्यावर मोजायला हवं. सुवर्ण हे त्यावरचं व्याज.

रशियाचं नुकसान झालं का? त्याच ऑलिंपिकमध्ये रशियाच्या महिलांनी रिलेचं सुवर्ण जिंकलं. संघ बलाढ्यच होता. म्हणून तर एक कुझमिना गेल्याचं कोणाला तेव्हा जाणवलं नाही. खरी जाणीव चार वर्षांनी झाली.

## सोची

मधल्या काळात 2011 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा खान्ती-मान्सिस्कला झाली. हा भाग कागदोपत्री त्युमेन प्रांतातच मोडतो. तिथे तिने स्प्रिंटचं कांस्य घेतलं, स्लोव्हाकियासाठी.

मग 2014 चं सोची ऑलिंपिक, रशियाच्या घरचं. 9 फेब्रुवारीला क्रास्नाया पोल्याना इथल्या ‘लॉरा’ केंद्रावर महिला स्प्रिंट झाली. कुझमिनाने दहाच्या दहा गोळ्या लावल्या आणि जवळपास वीस सेकंदांच्या फरकाने जिंकली. दुसरी आली रशियाची ओल्गा विलुखिना, तिसरी युक्रेनची विता सेमेरेन्को. ऑलिंपिक स्प्रिंटचं सुवर्ण सलग दुसऱ्यांदा राखणारी ती पहिली महिला. नेम दगा देतो असं जिच्याबद्दल सगळे म्हणत, तिने सगळ्यांत मोठ्या दिवशी एकही गोळी हुकवली नाही.

यजमान रशियाच्या महिलांना त्या ऑलिंपिकमध्ये बायथलॉनचं एकही सुवर्ण मिळालं नाही. स्लोव्हाकियाच्या अख्ख्या पथकाला सोचीत एकच पदक मिळालं, ते हेच. भाऊ पुरुषांच्या रिलेत सुवर्ण जिंकलेल्या चौकडीत होता, पण संघातल्या दुसऱ्या खेळाडूच्या उत्तेजक प्रकरणामुळे ते पदक पुढे काढून घेतलं गेलं. बहिणीचं राहिलं, भावाचं स्वतःची चूक नसताना गेलं. या घरातल्या माणसांनी हे कसं पचवलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

## दुसरा वळणाचा टप्पा

2015 मध्ये तिला मुलगी झाली. वय तीस. दोन ऑलिंपिक सुवर्णं गाठीशी. इथे थांबली असती तरी कारकीर्द भरगच्चच होती. तिने दोन हंगाम सोडले आणि 2016-17 मध्ये परतली.

हे परत येणं पहिल्यापेक्षा वेगळं होतं, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. बाई तीच, कारण तेच, अंतर आठ वर्षांचं. पहिल्या वेळी जागा नव्हती. दुसऱ्या वेळी जागेचा प्रश्नच आला नाही, कारण तिच्यामागे रांग नव्हती आणि पुढे दोन सुवर्णं होती. यातलं किती श्रेय स्लोव्हाक महासंघाच्या समजूतदारपणाला द्यायचं आणि किती रिकाम्या बाकाला? मला वाटतं, बऱ्याच अंशी बाकाला. छोट्या संघाने तिला वेळ दिला, कारण घाई करायला दुसरं कोणी नव्हतं. पण वेळ मिळाल्यावर काय होतं, ते 2018 मध्ये सगळ्यांनी पाहिलं.

प्योंगचांग पुन्हा, या वेळी ऑलिंपिक. सुरुवात वाईट झाली, स्प्रिंटमध्ये तेरावी. परस्यूटमध्ये स्प्रिंटच्या क्रमानेच सुटायचं असतं, म्हणजे तेराव्या जागेवरून. तिथून ती रौप्यापर्यंत आली, पुढे फक्त जर्मनीची लॉरा डालमायर. मग 15 किलोमीटरची वैयक्तिक शर्यत. त्यात स्वीडनच्या हाना ओबरीने वीसच्या वीस गोळ्या लावल्या. कुझमिनाच्या दोन हुकल्या, म्हणजे दोन मिनिटांचा दंड. तरीही ती फक्त 24.7 सेकंदांनी मागे राहिली आणि दुसरी आली. एक गोळी लागली असती तर सुवर्ण तिचं होतं. पायातलं वारं किती आणि नेमाची उणीव किती, हे यापेक्षा नेमकं कोणताही आलेख सांगू शकणार नाही.

17 फेब्रुवारी 2018 ला मास स्टार्ट होती. वीसपैकी एकोणीस लक्ष्यं पडली. बेलारूसच्या दार्या दोम्राचेवाला 18.8 सेकंदांनी मागे टाकून ती जिंकली. नऊ वर्षांपूर्वी जिथे, ज्या प्रकारात स्लोव्हाकियासाठीचं तिचं पहिलं मोठं पदक आलं होतं, त्याच जागी, त्याच प्रकारात सलग तिसऱ्या ऑलिंपिकमधलं सुवर्ण. स्लोव्हाकियाला त्या ऑलिंपिकमध्ये एकूण तीन पदकं मिळाली आणि तिन्ही तिची.

रशियाकडे पाहिलं तर त्याच स्पर्धेत उत्तेजक प्रकरणांमुळे देशाच्या नावाने कोणालाच उतरता आलं नाही. निमंत्रण मिळालेले काही खेळाडू ऑलिंपिक झेंड्याखाली खेळले. महिला बायथलॉनमध्ये अशा दोघीच होत्या. भाऊ अंतोनला निमंत्रण मिळालं नाही. बहीण तिथे होती, कारण दहा वर्षांपूर्वी तिला घरी जागा मिळाली नव्हती. मी हे तिच्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून सांगत नाही, 2008 मध्ये हे कोणालाच दिसत नव्हतं. पण कारकिर्दीचा हिशेब मांडताना ही नोंद टाळताही येत नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

रशियाच्या बाजूने पहिलं. तिला लगेच मुख्य संघात घ्यायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. ते इतर मुलींवर अन्यायाचं झालं असतं. पण बाळंतपणासाठी थांबलेल्या खेळाडूचा दर्जा दोन हंगाम गोठवून ठेवता येतो: रांगेत जिथे होती तिथेच. परतल्यावर तिला घड्याळासमोर धावायला लावा, रेंजवर उभी करा, आणि आजच्या आकड्यांवर ठरवा. कुझमिनाचा स्कीवरचा वेग कोणालाही घड्याळात दिसला असता. पदकांची यादी मागणाऱ्या व्यवस्थेला तो दिसला नाही, कारण ती व्यवस्था मागे पाहत होती. शिवाय ती जाण्याआधी कोणीतरी बसून बोलायला हवं होतं, पुढच्या हिवाळ्यात काय करावं लागेल, कुठल्या शर्यतीत काय वेळ लागेल हे तारखेनिशी सांगायला हवं होतं. अनिश्चितता हीच माणसाला सर्वांत लवकर दूर लोटते.

स्लोव्हाकियाच्या बाजूने माझी तक्रार वेगळी आहे. 2010 ते 2018 या तीन ऑलिंपिकमध्ये देशाला सात पदकं मिळाली, त्यांतली सहा एकटीची. सातवं पावोल हुराइटचं, तेही बायथलॉनमधलं, व्हँकुव्हरचं. एवढं यश एका बाईच्या पायांवर उभं असताना तिच्यामागे दुसरी फळी तयार करायला आठ वर्षं मिळाली होती. तिच्याबरोबर रिलेत धावणाऱ्या मुली मेहनती होत्या, काहींनी जागतिक चषकात चांगली कामगिरीही केली, पण तिच्या जवळपास कोणी पोहोचलं नाही. बाहेरून आलेली तयार खेळाडू हा छोट्या देशासाठी मोठा लाभ असतो, आणि मोठा आळसही. तिचं सरावाचं ज्ञान, त्या घरातलं प्रशिक्षण ओसर्ब्लियेच्या शाळकरी मुलांपर्यंत पद्धतशीरपणे पोहोचवण्याची वेळ 2010 च्या दुसऱ्या दिवशीच होती.

आणि तिच्या स्वतःच्या बाजूने, नेमबाजी. मला हे लिहिताना संकोच वाटतो, कारण दोन बाळंतपणं निभावून तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणाऱ्या खेळाडूला काय सुधारा म्हणायचं? तरीही आकडे समोर आहेत. 2018 च्या वैयक्तिक शर्यतीतलं सुवर्ण एका गोळीने गेलं. मोठ्या संघात नेमबाजीचा वेगळा माणूस रोज शेजारी उभा असतो. छोट्या संघात आल्याची सर्वांत मोठी किंमत तिने बहुधा इथे मोजली.

## तीन गुण

2017-18 च्या जागतिक चषकात स्प्रिंट आणि परस्यूट या दोन्ही प्रकारांचे चषक तिने घेतले. एकूण क्रमवारीचा मोठा स्फटिक चषक मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत लटकत राहिला. ऑलिंपिकमधल्या पदकांचे जागतिक चषकात गुण धरले जात नव्हते, त्यामुळे फेब्रुवारीतलं एक सुवर्ण आणि दोन रौप्य या हिशेबात शून्य. तिची स्पर्धा होती फिनलंडच्या काइसा मकरायनेनशी.

मार्च 2018 मधला तो शेवटचा टप्पा भरला होता त्युमेनमध्ये. रशियातल्या उत्तेजक प्रकरणांचा निषेध म्हणून काही देश आलेच नव्हते. कुझमिना आली. ज्या शहरात स्की बांधायला शिकली, त्या शहरात स्लोव्हाकियाच्या पोशाखात ती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबासाठी धावली, आणि हरली. मकरायनेन 822, कुझमिना 819. एका शर्यतीत चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या गुणांत जेवढं अंतर असतं, नेमकं तेवढं.

एवढं सगळं मिळवूनही जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं सुवर्ण तोवर तिच्याकडे नव्हतं. 8 मार्च 2019 ला ऑस्टरसुंडच्या स्प्रिंटमध्ये तेही आलं, चौतिसाव्या वर्षी. ज्या मुलाच्या जन्मानंतर तिला संघात जागा उरली नव्हती, तो एव्हाना अकरा वर्षांचा झाला होता.